तांब्या खाली अर्धा तास फिरतो आणि घरात येऊन सू करतो, काय चुकतंय?

दुपारचा_चहा (१० जुलै, दुपारी ३.४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे. पहिलाच धागा काढतेय आणि तोही सू-शी या विषयावर, तेव्हा सांभाळून घ्या.

एप्रिलच्या शेवटी लेकाने शेजारच्या बांधकामावरून एक पिल्लू उचलून आणलं. तेव्हा दोनेक महिन्यांचं असेल. गावठीच आहे. रंग तांबूस, म्हणून सासूबाईंनी नाव ठेवलं तांब्या. (कुत्रं नको म्हणून ज्यांनी दोन दिवस अबोला धरला होता, त्याच सासूबाई.) आता साडेचार महिन्यांचा झालाय. लसी पूर्ण झाल्या, डॉक्टरांनी खाली न्यायला परवानगी दिली, त्याला तीन आठवडे झाले.

आम्ही सिंहगड रोडला पाचव्या मजल्यावर. सकाळी सहाला नवरा नेतो, दुपारी मी, रात्री पुन्हा नवरा. खाली अर्धा-अर्धा तास हुंगत फिरतो, मांजरांवर भुंकतो, पानं खातो. करत काहीच नाही. वर आलो, पट्टा सोडला की पाचव्या मिनिटाला हॉलमध्ये. आणि हल्ली तर सोफ्याच्या मागे जाऊन करतो, म्हणजे आपण चुकतोय हे त्याला कळतंय ना? रागावून झालं, पेपरची सुरळी आपटून झाली. काल देवघरासमोरच्या सतरंजीवर केलं आणि घरात महायुद्ध झालं. कृपया मार्ग सांगा. 'देऊन टाका' हा मार्ग नको.

रिकामा_डबा (दुपारी ३.५२)

नाव तांब्या ठेवलंत आणि वर म्हणता बाहेर जात नाही! आमच्या आजोबांचा तांब्या पहाटे पाचलाच बाहेर पडायचा.

(हलके घ्या. मलाही हवंय उत्तर, आमच्याकडे पुढच्या महिन्यात पिल्लू येतंय.)

शेवंती७२ (दुपारी ४.२०)

ताई, तीन प्रश्न. एक, लसी होईपर्यंत तो घरात कशावर करत होता? दोन, खाली चुकून कधी केलंच तर त्याला खाऊ कुठे देता? तीन, घरात केलेलं कशाने पुसता? माझ्याकडे आजवर चार कुत्री झाली, त्यावरून सांगते, बहुतेक घरांत घोळ या तीनपैकी एकात असतो.

दुपारचा_चहा (संध्या. ५.०५)

१) पेपरवर. ड्राय बाल्कनीत आणि हॉलच्या कोपऱ्यात पेपर पसरून ठेवायचो. दोन महिने अगदी शहाण्यासारखा पेपरवर करायचा, म्हणून तर आश्चर्य वाटतंय. खाली न्यायला लागल्यावर पेपर उचलले.
२) तीन आठवड्यांत खाली दोनदाच केलंय. वर आल्यावर लगेच बिस्कीट दिलं.
३) फिनेल. मावशी येतात त्या सगळं घर पुसतातच.

शेवंती७२ (संध्या. ५.४०)

तिन्हीत आहे मग.

पेपरचं बघा. पिल्लू साधारण दोन ते चार महिन्यांचं असताना पायाखाली जे लागतं ना, ते त्याच्या डोक्यात संडास म्हणून पक्कं बसतं. माती लागली तर माती, फरशी तर फरशी. तुमच्या तांब्याला दोन महिने पायाखाली लागला पेपर. तुमच्या लेखी तुम्ही त्याला 'बाहेर जायचं' शिकवताय, त्याच्या लेखी तुम्ही एके दिवशी संडासच काढून नेलात. खाली ओला गवत-चिखल, वर गाड्यांचे आवाज, अनोळखी वास. तो बिचारा आवरून धरतो. घरी आला की ओळखीची जागा, मोकळं वाटतं, झालं. सतरंजी त्यातल्या त्यात पेपरसारखी, मऊ आणि शोषणारी. देवघराशी त्याचं वैर नाही, हे सासूबाईंना सांगा.

खाऊचं. कुत्र्याला बक्षीस कशाचं मिळालं हे दोन-तीन सेकंदांत ठरतं. लिफ्टमधून पाच मजले चढून आल्यावर बिस्कीट दिलंत तर त्याच्या हिशेबी ते दारातून आत आल्याचं बिस्कीट. खिशात खाऊ ठेवायचा आणि शेवटचा थेंब पडतोय तोच तिथे, चिखलात उभं राहून द्यायचा. आधी दिलात तर अर्धवट सोडून तोंडाकडे बघत बसेल.

आणि हो, केल्या-केल्या घरी फिरू नका. हुशार कुत्र्यांना लगेच कळतं की सू केली की मजा संपते. मग ती अर्धा तास तंगवतात. उलटं करा. खाली गेल्यावर एकाच जागी झाड होऊन उभं राहायचं, पाच-सात मिनिटं, एक शब्द बोलायचा नाही. केलं की मग फिरणं, मांजरं, पानं, सगळं.

फिनेलवर कुणीतरी लिहीलच.

पशुवैद्य_साताऱ्याचा (रात्री ९.१५)

मी लिहितो. फिनेल बंद करा. वासाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी फिनेलसारखी जंतुनाशकं कुत्र्यामांजरांना चांगली नाहीत. पाय चाटतात, पोटात जातं. मांजरांना तर जास्तच घातक.

वासाबद्दल असं की फिनेलने वास आपल्या नाकाला झाकला जातो, कुत्र्याच्या नाकाला नाही. त्याच्यासाठी 'मुतारी इकडे' अशी पाटी तिथे लागलेलीच असते. अमोनिया असलेलं काहीही वापरू नका, लघवीतही शेवटी तोच वास असतो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते फवारून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग टिपायचं. लोक फवारतात आणि लगेच पुसतात, पैसे वाया. नाहीच मिळालं तर आधी कोरड्या फडक्याने टिपून निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर. संगमरवरावर मात्र व्हिनेगर नको, डाग पडतात.

पाणी तोडू नका. 'कमी पाजलं की कमी करेल' या हिशेबाने पावसाळ्यातही कोरडी पडलेली पिल्लं माझ्याकडे येतात. आधी एकदा लघवी तपासून घ्या. थोडी-थोडी, वारंवार करत असेल, झोपेत गळत असेल, तर प्रश्न शिकवण्याचा नाही, संसर्गाचा असू शकतो.

आणि तास मोजा. पिल्लाचे महिने अधिक एक, इतके तास ही वरची मर्यादा, तीही झोपलेला असताना. साडेचार महिन्यांचं पिल्लू जागं असताना, खेळताना दर दोन तासांनी करणारच. दिवसातून तीन फेऱ्यांत कसं भागेल? उठल्यावर, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, दंगा झाल्यावर. याला पर्याय नाही.

दुपारचा_चहा (रात्री ९.४०)

बाप रे. दिवसाला आठ फेऱ्या झाल्या की! डॉक्टर, धन्यवाद. मग सोफ्याच्या मागे जाऊन करतो ते? अपराधी चेहरा करतो हो.

पशुवैद्य_साताऱ्याचा (रात्री ९.५५)

तो चेहरा तुमचा आवाज चढल्याचा आहे, लघवीचा नाही. त्याला इतकंच कळलंय की माणसांसमोर केलं की सुरळी आपटते. म्हणून तो आडोसा शोधतो. आणि म्हणूनच तुमच्या नवऱ्यासमोर, खाली, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असताना तो करत नाही. खाली न करण्याचं निम्मं कारण घरात दिलेला ओरडा आहे.

नाक घासणं वगैरे कुणी सुचवेल, ते तर अजिबात नको. करताना सापडला तर एक टाळी, उचला, खाली पळा. नंतर सापडलं तर फडकं घ्या आणि गप्प बसा.

गावकुसाबाहेर (११ जुलै, सकाळी ७.१०)

आमच्या पिढ्यान् पिढ्या कुत्री पाळली, एकाला शिकवावं लागलं नाही. कुत्रं ओसरीवर, त्याला उंबरठा माहीत. रानात जातंय, येतंय. पाचव्या मजल्यावर जनावर कोंडायचं आणि मग धागे काढायचे. असो. चालू द्या.

शेवंती७२ (सकाळी ८.००)

काका, अर्धं बरोबर आहे तुमचं. गावातलं पिल्लू आईमागे मातीत जातं म्हणून त्याला शिकवावं लागत नाही. गावठी कुत्री मुळात स्वच्छच असतात. पण हे पिल्लू बांधकामावर सळ्यांमध्ये सापडलंय. त्याला ओसरी कुठून आणायची?

रद्दी_किलोने (सकाळी ११.३०)

पेपरवाल्या पिल्लाची युक्ती सांगतो, आमच्या टिंकूवर चाललेली. संडास काढून नेलाय ना, मग तो खाली न्या. घरात एकदा पेपर टाका, त्यावर केलं की तो ओला पेपर पिशवीत घालून खाली न्यायचा आणि जिथे करायला हवंय तिथे मातीवर पसरायचा, त्यावर एक कोरडा. चार बाजूंना चार दगड. पुढच्या वेळी तिथेच उभं राहायचं. लोक बघतात, बघू द्या. दोन दिवसांनी पेपर अर्धा, मग पाव, मग वहीच्या पानाएवढा. आमच्याकडे शेवटी बसच्या तिकिटाएवढा तुकडा टाकायचो, त्यावर नेम धरून करायचा पठ्ठ्या.

काम झालं की पेपर उचलून कचऱ्यात. सोसायटीत तेवढंच पुरतं भांडायला.

दुपारचा_चहा (सकाळी ११.४८)

ही युक्ती भारी आहे! पण पाऊस? पेपरचा लगदा होईल.

रद्दी_किलोने (दुपारी १२.०२)

पार्किंगच्या कडेला कोरड्यात सुरू करा, मग रोज हातभर मातीकडे सरकवा.

गोथेनबर्गची_मावशी (दुपारी २.३०)

इकडे स्वीडनमध्ये आल्यावर मला एक गोष्ट नवी कळली. घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवणं इथे कायद्यानेच चालत नाही. आणि दिवसा दर सहा तासांनी तरी कुत्र्याला बाहेर नेलंच पाहिजे, पिल्लांना त्याहून लवकर, असा चक्क नियम आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या बहिणीचा 'क्रेट, क्रेट' (म्हणजे पिंजऱ्यात ठेवून शिकव) हा जप माझ्या कामाचा नव्हता. तिच्याकडे बरं चाललं म्हणा, कुत्रं झोपायची जागा सहसा घाण करत नाही.

मी काय केलं, पट्टा माझ्या कमरेला बांधला. स्वयंपाक करतेय, भांडी लावतेय, पिल्लू सोबत. नजरेआड झालंच नाही तर सोफ्यामागे जाणार कसं? हुंगत गोल फिरायला लागलं की चला बाहेर. बाहेर उणे बारा, अंगावर नाइटगाऊनवर जाकीट. तीन आठवडे. पण झालं.

कट्टर_पादचारी (संध्या. ६.२०)

विषय निघालाच आहे तर. तुमचं ते 'खाली नेणं' म्हणजे आमच्या गेटसमोर. सकाळी मुलांना बसला सोडताना पायाखाली बघत चालावं लागतं. माणसांनी आधी उचलायला शिकावं, मग कुत्र्यांना शिकवावं.

शेवंती७२ (संध्या. ६.४५)

शंभर टक्के मान्य. पेपरचा चौकोन हातात असायलाच हवा, शी व्हायच्या आधी खाली सरकवला की जमिनीला लागतही नाही.

सचिव_नाही_आता (संध्या. ७.३०)

माजी सचिव म्हणून माहितीसाठी: भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टमध्ये मज्जाव करता येत नाही. घाण उचलायची विनंती मात्र सोसायटी करू शकते. मी सचिव असताना दोन्ही बाजूंना हे वाचून दाखवलं, दोन्ही बाजू माझ्यावर चिडल्या. राजीनामा दिला.

दुपारचा_चहा (१५ जुलै, रात्री १०.५०)

पाच दिवसांचा अहवाल.

लघवी तपासली, नॉर्मल. एन्झाइमचं क्लीनर मागवलं, त्यासोबत अतिनील टॉर्च आली. कुत्र्याची लघवी त्या उजेडात चमकते म्हणे. काल रात्री सगळे दिवे घालवून मी, नवरा आणि लेक हॉलमध्ये टॉर्च घेऊन फिरलो. सोफ्यामागे पिवळट हिरवा मोठा नकाशा. ते माहीत होतं. पण मग झोपाळ्याची एक कडी, टीव्हीच्या टेबलाचा पाय, आणि मुख्य म्हणजे हॉलपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत अर्धवर्तुळाकार पट्टेच पट्टे. मला आधी कळेना हा एवढा कसा फिरत फिरत करेल. मग लक्षात आलं, ते फरशी पुसल्याचे हात आहेत! मावशी सोफ्यामागचं पुसतात आणि तेच फडकं, तीच बादली घेऊन पुढे सगळं घर पुसतात. आम्ही अडीच महिने रोज सकाळी अख्ख्या घराला त्याची सू सारवत होतो.

सासूबाईंनी टॉर्च हातात घेतली, देवघराकडे एकदाच मारली, आणि काही न बोलता आत गेल्या. आज पहाटे चारला त्या फरशी धूत होत्या.

तांब्याचं फडकं आता वेगळं, लाल. मावशींनाही सांगितलं, त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, पण तुम्ही फिनेल जास्त घाला म्हणालात."

खाली अजून शून्य. दिवसभर पाऊस. पेपर ठेवला, त्याने हुंगला आणि तोंडात धरून पळवला.

रिकामा_डबा (रात्री ११.०५)

'अख्ख्या घराला सारवत होतो', दंडवत घ्या ताई. आमच्या येणाऱ्या पिल्लासाठी वाखूसा (वाचनखूण साठवली).

रद्दी_किलोने (रात्री ११.१०)

दगड ठेवा म्हणालो होतो!

घारे_डोळे (१६ जुलै, सकाळी १०.००)

थोडं अवांतर. आमची स्पिट्झ दीड वर्षाची आहे, एरवी पूर्ण शिकलेली. पण हे ऑफिसातून आले किंवा पाहुणे आले की दारातच थोडीशी करते, कान मागे, पोटावर. यावर काय?

पशुवैद्य_साताऱ्याचा (सकाळी १०.४०)

ते आवरता न येणं नाही, ती 'मी लहान आहे, मला काही करू नका' म्हणतेय. रागावलात तर अजून जोरात म्हणेल. आल्या-आल्या पाच मिनिटं तिच्याकडे बघायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून हात नाही. ती शांत झाली की खाली बसून हनुवटीखाली खाजवा. मोठी झाल्यावर नव्यानेच झोपेत गळायला लागलं, विशेषतः नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या मादीत, तर तो प्रकार वेगळा. त्यावर औषध असतं.

ताई, तुम्ही खाऊ काय देताय?

दुपारचा_चहा (सकाळी ११.१५)

पनीरचे तुकडे. सासूबाई मात्र नैवेद्यातले बेदाणे देतात, आवडतात त्याला.

पशुवैद्य_साताऱ्याचा (सकाळी ११.१६)

बेदाणे आजपासून बंद. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. एखाद्या कुत्र्याला थोड्यानेही होतं. गंमत नाही ही. कांदा आणि चॉकलेटही नको. आणि पावसाळा आहे, डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, कुत्र्यांना आणि तुम्हालाही. त्याची लस झालीय का ते कार्डावर बघा.

दुपारचा_चहा (२४ जुलै, सकाळी ९.३०)

झालं!!!

सविस्तर सांगते. गेल्या आठवड्यात नवऱ्याला ताप, मला ऑफिसचं काम, म्हणून सकाळची फेरी सासूबाईंवर आली. पाच मजले 'काय मेलं हे नशिबी' म्हणत उतरल्या. पार्किंगच्या कडेला, कडुलिंबाखाली, अर्ध्या पेपरवर त्याला उभं केलं. आणि लेक लहान असताना मोरीत धरून करायच्या तसं सुरू केलं, शूऽऽ, शूऽऽ, शूऽऽ. लेक गॅलरीतून बघत होता. म्हणतो, तांब्याने आधी आजीकडे पाहिलं, मग कान एक वर एक खाली, मग दोन पावलं पुढे जाऊन पेपर सोडून मातीत, मागचे पाय वाकवून, एवढी केली की आजी मोजत होती. पनीर तिथेच दिलं. नंतर दोघं कंपाउंडला दोन फेऱ्या मारून आले. वर आल्यावर त्या म्हणाल्या, "पोराला करवायला येत नाही तुम्हाला, अन् म्हणे टॉर्च."

आज आठवा दिवस. घरात फक्त दोनदा, दोन्ही वेळा आमची चूक, दोन तास उलटून गेले होते. पेपर बंदच केला. पाऊस असला तरी छत्रीखाली शूऽऽ म्हटलं की उरकतो.

शेवंती७२ (सकाळी ९.५०)

आजींना साष्टांग! नकळत त्यांनी अगदी शास्त्रशुद्ध केलंय. आवाज, मग क्रिया, मग लगेच बक्षीस. आणि त्या कधी रागावल्या नव्हत्या का त्याच्यावर? म्हणजे सुरळीवाल्या त्या नव्हत्या ना?

दुपारचा_चहा (सकाळी १०.०२)

नाही. त्यांनी अबोला धरला होता फक्त.

रिकामा_डबा (सकाळी १०.१०)

कुकर लावता तेव्हा लक्ष ठेवा म्हणजे झालं. वाफ सुटली की शूऽऽ.

गावकुसाबाहेर (सकाळी ११.००)

म्हातारीला कळलं ते बरं.

दुपारचा_चहा (१९ ऑगस्ट, रात्री १०.२०)

धागा वर काढतेय. नवी अडचण.

गेले महिनाभर घर कोरडं आहे. टॉर्च मारून खात्री केली. पण गणपतीसाठी सासूबाई काल गुहागरला गेल्या, आम्ही चार दिवसांनी जाणार. आणि तांब्या फक्त त्यांच्याच शूऽऽ वर करतो. आज सकाळी नवरा कडुलिंबाखाली वीस मिनिटं शूऽऽ शूऽऽ करत उभा. तांब्या त्याच्याकडे बघत बसून राहिला, वॉचमन खुर्ची सोडून दुसरीकडे गेला. दुपारी सासूबाईंना फोन लावून स्पीकरवर शूऽऽ म्हणायला लावलं. त्याने फोन चाटला. शेवटी संध्याकाळी पाचला स्वतःच्या मर्जीने केलं, तोवर जीव टांगणीला. शेवटचं काल रात्री केलं होतं.

शेवंती७२ (रात्री १०.३१)

काळजी करू नका, करेल. फक्त आवाजाबरोबर जागा आणि वेळही आजींचीच ठेवा. त्या कुठल्या बाजूने न्यायच्या, पट्टा कुठल्या हातात असायचा, सगळं तसंच. आणि आवाज त्याने वाकायला सुरुवात केली की मग काढा, आधी नको. चार वेळा जुळलं की तुमचा आवाजही चालेल. नवऱ्याला सांगा, सुरळीची आठवण पुसायला त्यांना आठवडा जास्त लागणार.

दुपारचा_चहा (रात्री १०.३८)

त्या पट्टा डाव्या हातात धरायच्या, उजव्यात जपमाळ.

रद्दी_किलोने (रात्री १०.४०)

जपमाळ पण घ्या मग.

पशुवैद्य_साताऱ्याचा (रात्री १०.४४)

सकाळपासून एकदाच केली असेल तर रात्रीची फेरी चुकवू नका. चोवीस तास काहीच झालं नाही, पोट कडक लागलं किंवा जोर करूनही येत नसेल, तर वाट न बघता डॉक्टर गाठा. किती वाजता नेता रात्री?

दुपारचा_चहा (रात्री १०.४७)

अकराला. पण बाहेर धो धो सुरू झालाय आणि छत्री सासूबाई घेऊन गेल्यात. लेकाचा रेनकोट घालून निघतेय. जपमाळ शोधतेय.